ध्रुवीय अस्वलाआधी आंबील ओढा

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि पुण्यातल्या मराठी शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. मग प्राथमिक शाळांमधला पर्यावरण दिन बहुधा आषाढीच्या तोंडावर, वृक्षदिंडी म्हणून साजरा होतो. धोतर-बंडीतली, नऊवारीतली पोरं, डोक्यावर तुळस, हातात ‘झाडे लावा, झाडे जगवा’चे फलक, गल्लीतून एक फेरी, फोटो, राजगिऱ्याचा लाडू आणि घरी. दिंडी गोड दिसते, पोरांना मजा येते, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी लावलेलं रोप दसऱ्याला कुठे असतं हे कुणी विचारत नाही, आणि विषय पुढच्या आषाढीपर्यंत मिटतो.

कागदावर मात्र हा विषय रोजचा आहे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं आणि २००३ मध्ये त्यासाठी अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी केंद्राच्या एनसीईआरटी या शिक्षणविषयक संस्थेवर टाकली. महाराष्ट्रात तिसरीपासून पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ आहेच, आणि त्याची पुस्तकं पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत तयार होतात. ‘शाश्वत विकास’, ‘हवामानबदल’ हे शब्द परिपत्रकांतून शाळेपर्यंत पोचलेत. अडचण येते ती वर्गात उभं राहिल्यावर. समोर आठ-नऊ वर्षांची पोरं, हातात एक तास, आणि सांगायचंय पृथ्वीचं तापमान. मग बाई मोबाईलवर ध्रुवीय अस्वलाचं चित्र दाखवतात, मुलं ‘अरेरे’ म्हणतात आणि घंटा होते.

मला विचाराल तर प्राथमिक शाळेत हा विषय मोजण्यापासून सुरू करावा. शाळेतलं पाणी मोजा, कचरा मोजा, पाऊस मोजा, सावली मोजा. आणि मुलांनी मोजून काढलेल्या आकड्यावर शाळेतल्या मोठ्यांनी काहीतरी निर्णय घ्यावा. त्याआधी शिकवणाऱ्याला स्वतःला चार गोष्टी नीट कळलेल्या हव्यात, म्हणून सुरुवात तिथून करू.

‘शाश्वत’ म्हणजे काय, ते खडकवासल्यावरून

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अवघड होऊ नये. चौथीच्या मुलाला ‘पुढची पिढी’ म्हणजे काय ते उमगत नाही. ‘पुढचा जून’ मात्र उमगतो.

पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. चारही भरली की साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जाणार, जाऊ द्या. त्यांना एवढं सांगा की ही धरणं पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत भरतात आणि ते पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. त्यातला शेवटचा टप्पा पावसाच्या मर्जीवर. जूनमध्ये पाऊस लांबला की शहरात एक दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू होते, हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं.

चारांत खडकवासला सगळ्यात लहान, दोन टीएमसीच्याही आतलं. म्हणून ते लवकर भरतं, मुठा नदीत पाणी सोडावं लागतं आणि शहरात नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली जातो. भिडे पूल बुडालेला पाहायला पुणेकर सहकुटुंब जातात, त्यामुळे हा धडा मुलांनी आधीच पाहिलेला असतो, फक्त तो धडा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. धरणांचं पाणी फक्त शहराचं नाही. कालव्यानं ते हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांकडे जातं. आणि आपण वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं, भीमेतून उजनीत जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. मैदानात खडूनं हा नकाशा काढा. एका टोकाला पानशेत, दुसऱ्या टोकाला सोलापूर, मध्ये आपली शाळा. मुलांना नदीच्या रेषेवर उभं करा. कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे आपण हात धुतलेलं पाणी ते पितात?’ पाणी शुद्ध करूनच नळाला येतं हे सांगायला हवं, पण प्रश्न बरोबर आहे. आपल्यानंतर कुणीतरी आहे, काळानंही आणि नदीच्या खालच्या अंगालाही, हे त्या पोरानं स्वतः शोधून काढलेलं असतं. शाश्वततेची कल्पना चौथीला याहून जास्त लागत नाही.

पृथ्वी तापते म्हणजे काय होतं

सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो, जमीन तापते आणि ती उष्णता पुन्हा बाहेर टाकते. हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू त्यातली काही उष्णता शोषतात आणि काही खाली परत पाठवतात. हे वायू अजिबात नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. ते १५ अंशांच्या आसपास आहे, ते यांच्यामुळेच. म्हणजे कार्बन डायऑक्साइड हा खलनायक नाही. भानगड प्रमाणाची आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळायचं प्रमाण वाढलं त्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेलेत.

मुलांना सांगताना गोधडी कामाला येते. थंडीत एक गोधडी बरी वाटते, मे महिन्यात तीन गोधड्या घेऊन झोपून बघा. गोधडी हवा अडवते, हे वायू उष्णता शोषतात, एवढा फरक शिकवणाऱ्याच्या मनात असू द्यावा. मुलांना तो सांगायची घाई नको.

पाचवीतलं एखादं पोरगं विचारतं की धूर तर वर निघून जातो, मग राहतो कुठे? दिसणारा धूर काही दिवसांत खाली बसतो. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेत टिकतो. इथे एक गंमत सांगता येते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. वजन वाढलं कुठून? पेट्रोलमधला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, ते वजन ऑक्सिजनचं. पेट्रोल ‘संपत’ नाही, फक्त जागा आणि रूप बदलतं, हे मुलांना यातून चटकन कळतं.

आता पुणेकरांचा आवडता प्रतिप्रश्न. ‘यंदा जानेवारीत पाषाणला एवढी थंडी होती, कुठे तापतीय पृथ्वी?’ एका दिवसाची थंडी, एका संध्याकाळचा वळीव हे रोजचं हवापाणी. हवामान ठरवायला साधारण ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी लागते. अशा नोंदी सांभाळणाऱ्या आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन मोठ्या जागा पुण्यातच आहेत. एक शिवाजीनगरचं हवामान खात्याचं कार्यालय, ज्याला जुनी माणसं अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि दुसरी पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

०.७ अंश ऐकून मुलं हसतात. हसू दे. मग सांगा की हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. जास्त वाफ म्हणजे कोसळायला जास्त पाणी.

आणि इथे कात्रजकडून शहरात येणारा आंबील ओढा आणायचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला, ओढा फुगला आणि सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पुलाच्या परिसरात घरांत, सोसायट्यांत पाणी शिरलं. माणसं गेली, गाड्या एकावर एक चढल्या. त्या भागातल्या शाळेत आज बसणाऱ्या मुलांनी ही रात्र घरच्यांकडून ऐकलेली आहे, पानशेतचं धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ चा दिवस त्यांच्या आजी-पणजीकडून ऐकला असेल तसाच. पण शिकवताना सावध राहावं. ‘हवामानबदलामुळे पूर आला’ हे अर्धं वाक्य आहे. ओढ्याचं पात्र जागोजागी अरुंद झालेलं होतं, काठावर भिंती आणि बांधकामं होती, जमीन काँक्रीटनं झाकलेली होती. पाऊस आभाळातून आला, त्याची वाट आपण अडवली. ही दोन्ही कारणं मुलांपुढे ठेवली तर पुढचा प्रश्न त्यांनाच सुचतो: यातलं आपल्याला काय बदलता येईल?

तीन घोळ, जे शिक्षकांकडून मुलांकडे जातात

पहिला ओझोनचा. ‘ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही. ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो. फ्रीज आणि स्प्रेमधल्या विशिष्ट रसायनांनी तो विरळ झाला, १९८७ च्या माँट्रियल करारानं ती रसायनं हळूहळू बंद केली आणि थर सावरतोय. ही वेगळी गोष्ट आहे, आणि खरं तर चांगली बातमी आहे. जगानं मिळून ठरवलं आणि निभावलं, असं उदाहरण मुलांना देता येतं.

दुसरा प्लॅस्टिकचा. पिशवी गटारात अडकते, गाईच्या पोटात जाते, ओढा तुंबवते. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आणली, भाजीवाल्याकडे ती किती पाळली जाते ते आपण रोज बघतो. प्लॅस्टिक बनवताना आणि जाळताना वायू निघतात हे खरं, पण हवामानबदलाचं मोठं कारण वीज, वाहनं, कारखाने, शेती यांत आहे. एखादी शाळा ‘प्लॅस्टिकमुक्त’ अशी पाटी लावते आणि रिकाम्या वर्गांत दिवसभर पंखे फिरतात, तेव्हा पोरांना काय कळावं?

तिसरा घोळ झाडांचा, आणि तो सगळ्यात अवघड, कारण झाडं सगळ्यांनाच आवडतात. ‘झाडं ऑक्सिजन देतात’ इथून सुरू होऊन ‘झाडं लावली की झालं’ इथे गाडी थांबते. रोप मोठं व्हायला वर्षं लागतात, आणि टेकडीवर पावसाळ्यात लावलेली अर्धीअधिक रोपं पाण्यावाचून उन्हाळा बघत नाहीत. शिवाय पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झाडांच्या. ते गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे. त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, पावसाचं पाणी ते मुरवतं. हिरवं दिसावं म्हणून कित्येक टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड दाट लावलं गेलं, त्याच्याखाली मूळचं गवत फारसं टिकत नाही. मुलांना नवं रोप देण्याआधी शाळेच्या आवारात उभं असलेलं एक झाड द्यावं. कडुनिंब, करंज, बहावा, जे असेल ते. पानगळ कधी झाली, फूल कधी आलं, कोणते पक्षी येतात, वर्षभर त्याच्या नोंदी. पहिली-दुसरीला तर एवढंच पुरे. त्या वयात जगबुडीच्या गोष्टी सांगून काही साधत नाही, पोरं घाबरतात किंवा कान बंद करतात. पाऊस, मुंग्या, चिखल, झाड यांच्याशी मैत्री झाली की पुढचं ऐकायला ती तयार असतात.

बाटली, पट्टी आणि सकाळचे साडेआठ

तिसरी-चौथीत मोजायला लागावं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ उपक्रम पर्जन्यमापकाचा. दोन लिटरची, सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. या बाटल्यांचं बूड वेडंवाकडं असतं, तिथे माप चुकतं. म्हणून तळाशी खडे टाका, वाकडा भाग बुडेल एवढं पाणी घाला आणि त्या पातळीला शून्याची खूण करा. खुणेपासून वर पट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, विटांच्या आधारानं उभी करा, नाहीतर वाऱ्यानं लवंडते. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं, तीच वेळ पाळायची. दुपारच्या शाळेत ते काम मावशींना किंवा जवळ राहणाऱ्या एखाद्या मुलीला सांगता येतं. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं.

आता गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मुलांना हे पटत नाही, तेव्हा एक मीटर बाजूचा चौकोन आखून दाखवावा. मग शाळेची गच्ची मोजायची. समजा ती १२ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, म्हणजे २४० चौरस मीटर. आज १० मिलिमीटर पाऊस झाला तर गच्चीवर २,४०० लिटर पाणी पडलं. ते गेलं कुठे? पोरं पन्हाळीच्या पाइपामागे धावत जातात आणि परत येऊन सांगतात, ‘बाई, सगळं गटारात जातंय!’ पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या एका गच्चीवर वर्षभरात १,६८,००० लिटर पाणी येतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर भरून वर आठ हजार लिटर उरतात. थोडं बाष्प होतं, थोडं गळतं, ते सोडून द्या. उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकात टँकर येतो तेव्हा त्याचं बिल कोण भरतं हे मुलांना माहीत असतं.

मी ज्या वर्गात हे बघितलं तिथे एका पोराला नोंदवहीतली एक ओळ खटकली. शाळेत ४८ मिलिमीटर पाऊस होता आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शिवाजीनगरचा आकडा बराच कमी. ‘आपलं चुकलं का?’ असं त्यानं बाईंना विचारलं. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, मुलांना सोडवू दिलं. बाटली तपासली, पट्टी तपासली, मग कुणीतरी म्हणालं की काल सिंहगड रस्त्याला धो धो होता आणि आत्याकडे कोथरूडला नुसती भुरभुर. एका शहरात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, हे कुठलंही पुस्तक उघडल्याशिवाय वर्गात ठरलं. असा अर्धा तास दिंडीच्या दहा फोटोंपेक्षा मला मोलाचा वाटतो.

उन्हाळ्यात सावली मोजावी. शाळांची मैदानं आता बहुतेक पेव्हिंग ब्लॉकनं झाकलेली. दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत सारखं पाणी घ्या, एक ब्लॉकवर उन्हात ठेवा, एक झाडाखाली मातीवर. तासाभरानं दोन्हींत थर्मामीटर बुडवा. पारा नसलेला, लाल द्रवाचा थर्मामीटर वापरा, तापाचा नको. फरक वहीत उतरवला की ‘मैदानात माती का नाही?’ हा प्रश्न कुणाला सुचवावा लागत नाही.

कचऱ्याच्या तासाला बाई बदला

मधल्या सुट्टीनंतर कचऱ्याचे डबे वजन करायचे. स्प्रिंगचा काटा पुरतो. ओला वेगळा, सुका वेगळा. महिनाभर नोंद ठेवली की पोषण आहारातली खिचडी कोणत्या वारी जास्त टाकली जाते हेही कळतं आणि ती शिजवणाऱ्या बचत गटाच्या ताईंशी बोलता येतं.

‘कचरा बाहेर जातो’ असं मुलं म्हणतात. बाहेर म्हणजे कुठे? वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या डेपोवर गेला, तिथल्या गावकऱ्यांनी वास आणि विहिरींच्या पाण्यासाठी आंदोलनं केली. ओला कचरा ढिगात दाबला गेला की आत हवा पोचत नाही आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच ओला कचरा शाळेच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याबरोबर कुजला की खत होतं. वास आला तर समजावं की पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय. कोरडी पानं घाला, काठीनं हलवा. पाचोळ्याला काडी लावण्याची सवयही यातून सुटते.

या विषयाची सगळ्यात चांगली शिक्षिका तुमच्या गल्लीत रोज सकाळी येते. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. यातल्या एखाद्या ताईंना रीतसर बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या. त्या पोतं उलटं करतात आणि भराभर ढीग लावतात: पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच, कडक प्लॅस्टिक, दुधाची पिशवी. दुधाच्या पिशवीला भाव आहे, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला जवळजवळ गिऱ्हाईकच नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. पुनर्वापराचं अर्थशास्त्र याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

एक काळजी मात्र घ्या. महापालिकेच्या शाळेत एखाद्या मुलाची आई किंवा आजी हेच काम करते. त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर तो बोलेल, आणि बहुधा बाईंपेक्षा बरोबर बोलेल.

कृती कुणी करायची

‘घरी जाऊन आई-बाबांना एसी बंद करायला सांगा’ हा गृहपाठ मला पटत नाही. वर्गातल्या कित्येक घरांत एसी नसतोच. एक मूल जनता वसाहतीतून चालत येतं, दुसऱ्याला चारचाकी फाटकाशी सोडते, आणि ‘तुमच्या घराचा कार्बन मोजा’ म्हटलं की दोघांचीही पंचाईत होते. आठ वर्षांच्या पोरानं जग वाचवायचं नसतं. घरांची तुलना टाळा, शाळा मोजा. शाळा सगळ्यांची असते.

चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, प्रतिकृती यांना कृती म्हणणंही सोडायला हवं. ‘पृथ्वी वाचवा’ची प्रतिकृती थर्माकोलची असते आणि तिच्या सामानासाठी पालक रात्री साडेनऊला अप्पा बळवंत चौकात पार्किंग शोधत फिरतात, यावर मी आणखी काय लिहू? सरकारी योजनाही आहेत: २००१-०२ पासून शाळांमधली हरित सेना, २०२० पासून राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान. चांगला मुख्याध्यापक त्यातून कामाचं ते काढून घेतो, बाकीच्यांचा वेळ फोटो चढवण्यात जातो.

कृती म्हणजे मुलांच्या आकड्यावर मोठ्यांनी दिलेलं उत्तर. साधं उदाहरण घ्या. मुतारीजवळचा नळ ठिबकतोय. मुलांनी खाली मापाचं भांडं ठेवलं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी जातं. हे त्यांनी कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे दिलं. प्लंबर आला, वायसर बदललं, पाच मिनिटांचं काम. मग मुलांनी त्याच नळाखाली पुन्हा भांडं ठेवलं. ही दुसरी मोजणी बहुतेक शाळा विसरतात, आणि खरं शिकणं तिथेच असतं, कारण आपण सांगितल्यावर काहीतरी बदललं हे मुलांना भांड्यात दिसतं.

मोठ्या मागण्यांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती दिलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. पाचवीच्या मुलांनी वर्षातून एकदा तिच्यापुढे वही घेऊन उभं राहावं. गच्चीचं पाणी टाकीत घ्या, झाडाभोवतीचे चार ओळी ब्लॉक उखडा, मधल्या सुट्टीत पंखे बंद करायची पाळी लावा. समितीनं ‘हो’ म्हणावं किंवा ‘नाही’. ‘नाही’ असेल तर कारण मुलांसमोर सांगावं: पैसे नाहीत, इमारत भाड्याची आहे, गच्ची गळते. खोटं ‘बघू’ नको. शाळेबाहेरच्या कामांसाठी महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेते, तो अर्ज पालकांनी मुलांच्या नोंदी जोडून भरावा. ओढ्याकाठचा राडारोडा हलवणं किंवा बंद पडलेलं पावसाळी गटार मोकळं करणं ही कामं तिथे मागता येतात.

राहिला परीक्षेचा प्रश्न, कारण शेवटी पालक तेच विचारतात. जोड्या लावा आणि रिकाम्या जागा भरा यांत हे मावत नाही. चाचणीत एवढं विचारून बघा: ‘आपल्या वहीनुसार जुलैत सर्वांत जास्त पाऊस कोणत्या दिवशी पडला? त्या दिवशी शाळेसमोर पाणी का साचलं? दोन कारणं लिहा.’ वही उघडी ठेवू द्या.

आणि ती वही नीट ठेवा. पहिल्या पानावर बाटली कुठे ठेवली, पट्टी कोणती, नोंद कोण घेतं हे लिहायचं. चौथीचा वर्ग पाचवीत गेला की वही नव्या चौथीकडे. बाटलीची जागा बदलली तर तेही तारखेसह लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. रविवारी, गणपतीत, दिवाळीत शाळा बंद असते, त्या तारखांपुढे ‘नोंद नाही’ लिहायचं. सुट्टीनंतर बाटलीत साचलेलं पाणी सापडलं तर ते किती दिवसांचं आहे हे लिहून एकत्र आकडा टाकायचा, दिवसांवर अंदाजानं वाटायचा नाही.